तारतम्यमापक : लवकरच बाजारात!

एका नव्या यंत्राची ओळख वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. यंत्राचे नाव 'तारतम्यमापक'. आकार चष्म्याच्या घराएवढा, शर्टाच्या खिशात सहज मावणारा. समोरच्या माणसाकडे रोखून कळ दाबली की त्याला परिस्थितीचे कितपत भान आहे, ते कळते. हिरवा दिवा लागला तर बोलणे पुढे चालू ठेवावे. पिवळा लागला तर तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश म्हणावे. तांबडा लागला की आपण काहीच करायचे नाही. यंत्रच त्या माणसाच्या कोपराला विजेचा हलकासा चिमटा काढते आणि मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांत विचारते, "आपण कोठे उभे आहात?" बॅटरी चार तास पुरते. लोणावळ्यातल्या पावसाळी रविवारी ती पाऊण तासात संपेल, असा माझा अंदाज आहे.

यंत्र अजून माझ्या डोक्यातच आहे. पण मागणीची मला मुळीच काळजी नाही. माझी उमेद बँकेच्या काउंटरमागे गेली. आमच्या शाखेत रोखपालाच्या खिडकीवर 'येथे पैसे मिळतील' अशी पाटी होती. एक सद्गृहस्थ ती वाचून दर खेपेला विचारीत, "कोणालाही?" निवृत्तीनंतर मावळात राहायला आलो, तेव्हा वाटले, सुटलो. पण जून उजाडला की दारावरून गाड्यांची रांग लागते, काच खाली होते आणि प्रश्न येतो, "काका, धबधबा किती वाजता बंद होतो?" एकदा तर ऐन मे महिन्यात भुशी धरणाच्या कोरड्या पायऱ्यांकडे बघून एका कुटुंबप्रमुखाने टपरीवाल्याला विचारले, "पाणी कधी सोडणार?" टपरीवाल्याने चहा गाळता गाळता सांगितले, "जूनमध्ये, साहेब." साहेबांनी घड्याळात पाहिले.

इथवर हसायला हरकत नाही. पण ३० जून २०२४ हाही रविवारच होता. त्या दिवशी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुले. प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आपण सर्वांनीच मोबाइलवर पाहिली, आणि घरोघरी पहिले वाक्य निघाले ते, "लोकांना अक्कल नाही." माझ्या यंत्राचाही तांबडाच दिवा लागला असता.

ती माणसे पाण्यात उतरली, तेव्हा त्यांनी समोरचे पाणी पाहिले होते. वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस त्यांना कसा दिसणार? ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यातून पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या की आधी बाहेर पडायचे, हे इथल्या पोराला कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. आजी ओरडून शिकवते. शहरातल्या आजीने लिफ्टचे दार कसे सांभाळावे ते शिकवलेले असते. आमच्या गावचा माणूस पहिल्यांदा सरकत्या जिन्यापाशी जातो, तेव्हा त्याच्याकडे यंत्र रोखून पाहावे. दिवा तांबडाच लागेल.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ला, पुन्हा रविवारी, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पुलावरच्या गर्दीला बेअक्कल म्हणणे सोपे आहे. म्हणणारे म्हणालेच. पण पुलाची दोन्ही टोके उघडी होती, आणि टोक उघडे असले की माणूस आत जातोच. माझे यंत्र त्या दिवशी नदीकाठी नेले असते, तर ते गर्दीपेक्षा मंजुरीच्या फायलीकडे वळून अधिक जोरात वाजले असते. ते बनवताना मला एकच अडचण दिसते. फायलीला कोपर नसते. चिमटा काढायचा कोठे?

गंमत अशी की, असे एक यंत्र आमच्या बोरघाटात फार पूर्वीपासून आहे आणि ते कोणाचीही अक्कल मोजत नाही. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ सदतिसास एक, म्हणजे खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक सुटले तर विचारूच नका. म्हणून उतारावर ठिकठिकाणी 'कॅच साइडिंग' केलेले आहे : मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या चढाकडे जाणारा आणि पुढे कोठेच न पोचणारा रुळांचा फाटा. खरी मेख सांध्यात आहे. तो एरवी त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी ताब्यात आहे, ती नीट थांबली, हे सिद्ध झाल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाऊन दमते. ड्रायव्हर हुशार आहे की डुलकी घेतोय, हे कोणी विचारीत नाही. 'सावकाश उतरा' अशी पाटी लावून साहेब मुंबईला परत गेले असते, तर दरीत किती डबे साचले असते कोण जाणे!

बँकेतही हेच. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलांना हा अपमान वाटे. मी त्यांना सांगत असे, हा नियम चोरांसाठी नाही, आपल्यासारख्या सज्जनांसाठी आहे. सज्जन माणूस शनिवारी संध्याकाळी दमलेला असतो.

भुशीच्या दुर्घटनेनंतर मनाई आदेश निघाले. ठीकच आहे. पण आदेश म्हणजे मोठ्या अक्षरातली पाटीच. धबधब्याच्या वरच्या अंगाला पाणी वाढताच भोंगा वाजवील असा एक माणूस, खाली दोन्ही काठांना बांधलेला दोर आणि गर्दीच्या दिवशी मोजूनच माणसे आत सोडणारे एक फाटक, एवढ्याला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. पगार लागतो, आणि तो पावसाळ्याचे चार महिने नियमाने द्यावा लागतो. घोडे तिथेच पेंड खाते.

लोणावळ्यात पाण्यात आणि दरीत अडकलेल्यांना काढायला धावणारी मुले आहेत. 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांतून ती जेवणाच्या ताटावरून उठून जातात. अशाच एका मुलाला मी माझ्या तारतम्यमापकाची सगळी योजना ऐकवली. दिवे, चिमटा, तीन भाषा, सारे काही. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"काका," तो म्हणाला, "त्यात दोर किती फुटांचा बसेल?"