बनगरवाडीचा तरुण मास्तर

गोष्ट म्हटली की तीत काहीतरी विलक्षण घडावे, अशी बहुतेक वाचकांची अपेक्षा असते. किल्ल्याला पडलेला वेढा, समुद्रातील वादळ, अरण्यातील वाघाची गाठ यांनी भरलेले पुस्तक हाती आले, की वाचणारा तहानभूक विसरतो. अशा पुस्तकांत वावगे काही नाही. परंतु ज्या पुस्तकात असे काहीच घडत नाही ते नीरस असते, हा समज मात्र बरोबर नाही. किंबहुना, माणूस लहानाचा मोठा कसा होतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर शांतपणे सांगितलेली साधी गोष्टच अधिक उपयोगी पडते. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या मताला उत्तम आधार आहे.

या कादंबरीचा नायक राजाराम हा नुकताच नोकरीला लागलेला एक पोरसवदा शिक्षक आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहानशा वाडीवर त्याची नेमणूक होते. वाडी माणदेशातली. जमीन माळरानाची, पाऊस बेभरवशाचा, आणि माणसांचे सारे जीवन मेंढरांवर अवलंबून. शाळेच्या वेळी मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात. ज्यांच्या घरात कोणी कधी अक्षर गिरवले नाही, त्यांना शाळेचे महत्त्व कसे पटवावे, असा प्रश्न राजारामपुढे उभा राहतो. येथून पुढे जे घडते ते सारे लहानसहान आहे. लोक त्याच्याकडून पत्रे वाचून घेतात, अर्ज लिहून घेतात, आपापसांतली भांडणे त्याच्यापुढे आणतात. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला आधार देतो, आणि एका गैरसमजाने त्याच्यावर रुष्टही होतो. पोटासाठी लहानसहान चोऱ्या करणारा आनंदा त्याचा स्नेही बनतो. शेकूजवळ एकच बैल असतो, म्हणून त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते.

राजाराम वाडीवर येतो तेव्हा त्याच्याजवळ पुस्तकी विद्या असते, पण माणसांची ओळख नसते. मुलांना अक्षरे शिकवता शिकवता तो स्वतःच पुष्कळ शिकतो. चोरी करणारा माणूसही मनाचा सच्चा असू शकतो, हे त्याला आनंदामुळे कळते. ज्याने माया केली त्याचा राग मुकाट्याने सोसावा लागतो, हे कारभाऱ्यामुळे कळते. हे पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. वय वाढणे आणि मोठे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वय आपोआप वाढते. मोठेपण मात्र दुसऱ्याच्या सुखदुःखाकडे लक्ष गेल्यावाचून येत नाही. हाच या कादंबरीचा खरा बोध होय, आणि लेखकाने तो उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता वाचकापर्यंत पोहोचवला आहे.

असे लेखन केवळ महाराष्ट्रातच झाले असे नाही. दूर उत्तरेकडील स्वीडन देशात हॅरी मार्टिन्सन नावाचा लेखक १९०४ साली जन्मला. लहानपणीच त्याचे वडील वारले व आई मुलांना मागे ठेवून अमेरिकेस निघून गेली. परक्यांच्या शेतघरी अनाथ म्हणून वाढलेल्या या मुलाने पुढे त्याच अनुभवावर एक कादंबरी लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही लढाया नाहीत. आहे तो मायेच्या शब्दासाठी आसुसलेला एक खेड्यातला मुलगा. १९७४ साली मार्टिन्सन यास आयव्हिंड जॉन्सन या आपल्याच देशबांधवाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. स्वीडनचे बर्फ आणि माणदेशाचे ऊन यांत कितीही अंतर असो, मुलाचे मन दोन्हीकडे सारखेच असते.

'बनगरवाडी'वर एक आक्षेप घेता येईल. तिचा शेवट दुःखद आहे. मास्तराच्या पुढाकाराने सारी वाडी राबते आणि तालीम उभारते. संस्थानचे राजेसाहेब ती पाहावयास येतात. वाडीचे भाग्य उजळले असे वाटत असतानाच दुष्काळ पडतो. मेंढरे मरू लागतात, आणि माणसे घरे सोडून पोटामागे चालू लागतात. शाळेत मुलेच उरत नाहीत, तेव्हा मास्तरही वाडीचा निरोप घेतो. मग त्याच्या धडपडीचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे, की पाऊस पाडणे मास्तराच्या हाती नव्हते. शिकवणे हाती होते आणि ते त्याने मनापासून केले. ज्या मुलांना अक्षरे आली, ती त्यांच्याबरोबर गेली. यश मिळेल तेवढेच काम करावे असे ठरवले, तर कोरडवाहू शेतकऱ्याने पेरणीच करू नये!

दुसरा आक्षेप असा, की आता काळ बदलला आहे. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. रस्ते झाले, शाळा झाल्या. तेव्हा या जुन्या गोष्टीशी आजच्या मुलांचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर मंद्रूपसारख्या गावी सापडते. माणदेशातून वाहणारी माण नदी भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे मंद्रूपच्या दक्षिण सोलापूर तालुक्याच्या कडेने वाहत जाते. एकाच पाण्याने जोडलेले हे प्रदेश अवर्षणानेही जोडलेले आहेत. १९७२चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यातील वृद्धांच्या आजही स्मरणात आहे. आजही ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणारी मुले महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांची वर्गातली जागा रिकामी राहते. बनगरवाडीची शाळा ओस पडली, तशीच ही गोष्ट आहे; फरक एवढाच, की येथे एकेक जागा ओस पडते व ते सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही.

विजापूरच्या रस्त्यावरील मंद्रूप गावी वाढणाऱ्या मुलाला कधी वाटत असेल, की आपल्या गावात सांगण्यासारखे काहीच घडत नाही. जोंधळ्याची शेते, बाजाराचा दिवस, मराठी आणि कन्नड मिसळून चाललेल्या गप्पा, एवढेच काय ते! परंतु 'बनगरवाडी' वाचल्यावर हे मत टिकत नाही. ओसाड माळावरच्या वाडीतील माणसे जर भारताबाहेरील वाचकांपर्यंतही पोहोचू शकली, तर कोणतेच गाव क्षुल्लक नाही आणि कोणताच माणूस सामान्य नाही. मात्र त्याकडे पाहणारी दृष्टी हवी.

ती दृष्टी देणे हेच अशा शांत पुस्तकाचे काम आहे. साहसकथा वाचून मिटल्यावर मुलाला आपण शूर व्हावे असे वाटते, आणि ते चांगलेच आहे. पण 'बनगरवाडी' वाचून मिटल्यावर जो मुलगा शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून, "हा कोठे गेला असेल? परत कधी येईल?" असे विचारू लागतो, तो मोठा होऊ लागला असे खुशाल समजावे.