विश्ववाङ्मय : उंबरठ्याच्या आंत

अत्याचाराचें चित्रण म्हणजे रक्तपात रंगभूमीवर दाखविणें, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेंतील कांहीं कृष्णवर्णीय लेखिकांनीं निराळा मार्ग चोखाळला. त्या देशांत, विशेषतः दक्षिणेंत, गोऱ्यांच्या झुंडी एखाद्या कृष्णवर्णीयास आरोपाची शहानिशा न होतांच पकडून ठार मारीत व पुष्कळदां झाडाला टांगीत. या अघोर प्रकारास तिकडे ‘लिंचिंग’ म्हणतात. या लेखिकांनीं तो दाखविला घरांतून.

अँजेलिना वेल्ड ग्रिम्के या शिक्षिकेचें ‘रेचल’ हें नाटक १९१६ सालीं वॉशिंग्टन येथें झालें. त्यांत झुंड दिसत नाहीं. दिसते ती एका बिऱ्हाडाची बैठकीची खोली. पतीचा व थोरल्या मुलाचा झुंडीनें केलेला वध आईनें धाकट्या मुलांपासून दहा वर्षें लपविलेला असतो. तें ऐकून, आणि पुढें आपण सांभाळलेल्या लहानग्यास दगड व शिव्या खाव्या लागल्याचें पाहून, मुलांवर जीव टाकणारी रेचल विवाह व मातृत्व दोन्ही नाकारते. जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांच्या १९२५ च्या एकांकिकेंत रविवारीं सकाळीं आजीच्या घरांतून निरपराध नातवाला शिपाई घेऊन जातात. जवळच्या चर्चमधून प्रार्थनागीतें ऐकूं येत असतात.

१९५५ सालीं मिसिसिपी राज्यांत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची हत्या झाली. गोऱ्या पंचांनीं आरोपींस निर्दोष ठरविलें. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या १९६० च्या संग्रहांत त्यावर दोन कविता आहेत. छोटीमध्यें मृत मुलाची आई आहे. मोठीमध्यें मात्र, जिच्या मानासाठीं म्हणून ही हत्या झाली, ती गोरी स्त्री न्याहारी करीत आहे. पती जेवतांना आपल्याच बाळाच्या थोबाडींत मारतो, आणि त्या हातांची तिला शिसारी येते. परक्याचें मूल मारणारा हात स्वतःच्या घरांत निराळा होत नाहीं, हें ब्रुक्स यांनीं ओळखलें.

लिंचिंगविरुद्ध संघराज्याचा कायदा व्हावयास २०२२ साल उजाडलें. त्याला टिल याचेंच नांव आहे.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. दोन्ही देशांतील दुःखाचें नातें त्यांनीं तेव्हांच जाणलें होतें. आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनींही या कृतींकडे केवळ दूरदेशची वार्ता म्हणून पाहूं नये. कोणाला वेगळ्या पेल्यांत पाणी द्यावयाचें, हें मूल शाळेंत नव्हे, घरांतच पाहतें. ‘रेचल’ घरांतील वडीलधाऱ्यांनीं व मुलामुलींनीं एकत्र बसून वाचावें, अशी आमची सूचना आहे.