टॅबमध्ये आपलं गाव आहे का?

निपाणीच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे, "बोलता न येणाऱ्या मुलासाठी कुठला टॅब घ्यावा?" मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सीचा. ऐकू छान येतं, समजतंही सगळं, पण जीभ साथ देत नाही. घरात आजीची कन्नड, आईची मराठी. दुकानदाराने सगळ्यात महागाचा टॅब पुढे केला आहे.

एका कंपनीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण इंदुरात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी गीता आठवते. लहानपणी वाट चुकून रेल्वेने पाकिस्तानात पोचलेली ही मूकबधिर मुलगी. कराचीच्या एधी फाउंडेशनने तिला सांभाळलं. ऑक्टोबर 2015 मध्ये ती भारतात परतली आणि पुढची काही वर्षं आमच्या इंदुरात राहिली. आईबाप म्हणून कितीतरी जण पुढे आले, पण कुणाचीच खूण पटेना. ती मात्र हातांनी सांगत राहिली: रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ. खुणांची भाषा जाणणाऱ्या इथल्या मंडळींनी त्या आठवणींचा माग काढत नेला आणि 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातली तिची आई सापडल्याची बातमी आली. म्हणजे मराठवाड्याची लेक आमच्यात होती, आणि आम्हा मराठी मंडळींना त्याचा पत्ता नव्हता!

गीताची भाषा खुणांची. तिच्यासारख्यांना टॅब लागतो तो मुख्यतः समोरच्याचे हात दिसावेत म्हणून, व्हिडिओ कॉलपुरता. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारा टॅब हा वेगळ्यांसाठी: ज्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही अशी मुलं, किंवा पक्षाघाताने वाचा गेलेली मोठी माणसं. मग तिची गोष्ट कशाला? तर ती पाणी मागत नव्हती, भाकरी मागत नव्हती. ती गाव सांगत होती. आणि आपण मुलाच्या टॅबवर काय भरतो? पाणी, जेवण, शू, पंखा. आईचं काम भागतं, मुलाचं नाही. त्याला आजीची चहाडी करायची असते, शाळेत कुणी ढकललं ते सांगायचं असतं, नसते प्रश्न विचारायचे असतात. एवढं ज्यात मावत नाही तो टॅब कितीही महाग असो, घेऊ नये.

म्हणून ताई, आधी एक वही करा. आठवडाभर मुलगा डोळ्यांनी, हाताने, रडून जे सांगू पाहतो ते लिहा. माणसांची नावं, गल्ली, देऊळ, "काल", "का", "मी नाही केलं" हे शब्द विसरू नका. नको, हवं, पुरे. आणि आजीसाठी बेडा, बेकु, साकु. हे सगळं ज्या ॲपमध्ये स्वतः भरता येईल तेच आपलं.

मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे, मराठीत आहे. चित्राच्या जोडीला आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं असल्याने लहान मूलही पटकन मत देऊ लागतं. चेन्नईचं 'आवाज' आधी स्वतंत्र यंत्र होतं, मग टॅबवर आलं. त्यात शब्दसंग्रह मोठा, पण पैसे मोजावे लागतात. घेण्याआधी दोन्ही भाषांची परीक्षा घ्या. मराठी शब्द हिंदी आवाजात वाचला तर 'चमचा'तला च परका होतो आणि 'बाळ'मधल्या ळ चं काय होईल ते विचारू नका. तसं झालं तर घरच्या आवाजात शब्द भरा. मुलाच्या तोंडी मात्र एखाद्या मुलाचाच आवाज द्या, आजोबांचा नको!

यंत्राचा विचार त्यानंतर. मुलाचं बोट चित्रावर नेमकं पडतं का, हे चौकोन आखलेल्या कागदावर घरीच पाहता येतं. हात थरथरत असेल तर पडदा मोठा हवा, आणि चौकोनांना भोकं असलेली प्लॅस्टिकची जाळी वर बसवता येते. चालत्या मुलाला हलका टॅब बरा. आवाज दुकानाच्या शांततेत तपासू नका. आमच्या सराफ्यातल्या रात्रीच्या गर्दीत तो ऐकू येईल का, असा विचार करा. मैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत एकदा मुलाला दाखवून आणलंत तर उत्तम. तुम्हाला ते लांब पडेल, पण आजीला तिथे भाषेची अडचण नाही.

या टॅबवर खेळ आणि गाणी घालू नका. अँड्रॉइड असो वा आयपॅड, पडदा एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय असते. आणि खोडी केली म्हणून टॅब काढून घेणं, हे आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत चालतं. बोलक्या मुलाची जीभ आपण शिक्षा म्हणून काढून घेतो का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत खुणा, ब्रेल यांच्या बरोबरीने असे पर्यायी मार्गही धरले आहेत. घरात ते मानायला कायद्याची वाट पाहायला नको.

पहिल्या पानाची एक छापील प्रत मात्र काढून ठेवा. चार्जिंग संपतं, आंघोळीच्या वेळी टॅब जवळ नसतो, आणि पाणी डोळ्यांत गेलं की नेमकं तेव्हाच "पुरे" म्हणायचं असतं.