ढोलकीने विझणारा कंदील

ढोलकीवर थाप पडली की कंदील विझायचा. यंदाच्या पावसाळ्यात एका हौशी नाट्यसंस्थेच्या तालमीला तीन संध्याकाळी जाऊन बसलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. नाटकातली आजी कंदील उचलते, काच वर सरकवते आणि फुंकर मारते. नाट्यगृहात खरी ज्योत चालत नाही, म्हणून आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एका मुलाने कंदिलाच्या टाकीत बोटाएवढा, प्रोग्राम करता येणारा आर्डुइनो बोर्ड, पिवळसर एलईडी आणि छोटा माईक बसवला होता. फुंकर माईकवर आदळली की दिवा जायचा. पण फुंकर कुठली आणि विंगेतली थाप कुठली, हे माईकला कळेना. पोरगं दोन दिवस स्क्रू फिरवून माईकचा कान कमी-जास्त करत बसलं. तिसऱ्या दिवशी ढोलकीवाले काकाच म्हणाले, "अरे, आजीनं उचलल्याशिवाय त्यानं ऐकूच नये ना!" मग टाकीत एक टिल्ट स्विच आला. कंदील तिरका झाला तरच माईक जागा होणार. त्या रात्री आजीने फुंकर मारली, ज्योत दोनदा फडफडली आणि गेली. तालमीच्या खोलीत कोणी काही बोललं नाही.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात संस्थेचा प्रकाशयोजनेचा कन्सोल चादरीखाली झाकून ठेवलेला आहे. वर्गणी काढून घेतलेला. आतलं एक कार्ड जळालं, तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं की तो भाग आता येत नाही, नवा सेट घ्या. आतल्या जोडणीचा नकाशा मागितला, तो मिळाला नाही. आपल्या पैशाने आणलेली वस्तू, पण ती उघडून समजून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, ही गोष्ट कलेच्या संस्थांनी इतकी वर्षं निमूट का मानली, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आर्डुइनो मुळात कलावंतांसाठीच जन्मला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. इटलीतलं इव्रेआ हे ऑलिव्हेत्ती टाइपरायटरचं गाव. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात दिवे, मोटारी, सेन्सर हाताळता यावेत म्हणून २००५ मध्ये मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. हेर्नान्दो बार्रागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी केलेल्या 'वायरिंग' या प्रकल्पाचा त्याला पाया होता. ती संस्था तेव्हा बंद होण्याच्या वाटेवर होती. संस्थेबरोबर आपलं कामही कपाटात जाईल, या धास्तीने त्यांनी बोर्डाचा आराखडाच सर्वांना खुला केला. संस्था राहिली नाही. बोर्ड मात्र आज पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो, आणि तो कोणीही बनवू शकतो.

यंत्राला हात घालणारे कलावंत आपल्याला नवे नाहीत. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांना सिनेमाने झपाटलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा घरीच घडवला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्याच कंपनीत तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी 'प्रभात' ही चित्रपटसंस्था उभी केली. ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कारण शिकणारा शेजारी उभा होता. पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे आठवा. मोटार, पट्टा, कॅम, वजनं, आणि राक्षसाचा हात नेमका ठेक्यावर वर! ते जोडणाऱ्या कारागिरांपैकी किती जणांच्या डोक्यातलं कागदावर उतरलं? शेजारी कोणी उभा नसेल तर ते त्यांच्याबरोबरच जाणार.

म्हणून खुल्या हार्डवेअरमधलं स्वस्तपण मला दुय्यम वाटतं. मोलाची आहे ती लिहून ठेवण्याची आणि वाटण्याची शिस्त. ती शिकवणारी माणसं जवळच आहेत. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये तिथे उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे कोणालाही वस्तू घडवता येतील अशी कार्यशाळा, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेलं 'मेकर्स असायलम' हे सामायिक कार्यशाळेचं ठिकाण आता गोव्यात आहे. २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, त्यांनी फेसशील्डचा आराखडा खुला केला आणि गावोगावच्या मेकर मंडळींनी लाखो फेसशील्ड तयार केली. ही माणसं अवघड प्रश्नांच्या शोधात असतात. रंगभूमीकडे, संग्रहालयांकडे, कीर्तनाच्या मांडवाकडे असे प्रश्न पोत्याने आहेत.

संस्थांनी एक टेबल द्यावं. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चांगला उजेड, आणि खोलीची किल्ली तरुणांच्या हाती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मानधन. खुलं म्हणजे फुकट नव्हे. आराखडा सर्वांचा असला तरी तीन रात्री जागलेल्या मुलाचे कष्ट त्याचेच आहेत, आणि नेपथ्यकाराच्या खालोखाल त्याचं नाव श्रेयनामावलीत यायला हवं. दुसऱ्या गावच्या मंडळाने तोच कंदील आपल्या नाटकात वापरला तर रुसू नये. स्पर्धेत तेच मंडळ समोर उभं ठाकलं तरीही. एका बाबतीत मात्र मी कडक आहे. घरी केलेली जोडणी बॅटरीवरच्या पाच-बारा व्होल्टांपुरतीच ठेवा. २३० व्होल्टांचे डिमर आणि लटकते दिवे हे परवानाधारक माणसाचं काम. तिथे प्रयोग नकोत.

त्या मुलाने परवानगी दिली म्हणून या अंकाच्या अखेरच्या चार पानांवर कंदिलाचा संपूर्ण आराखडा छापला आहे: सुट्या भागांची यादी, जोडणीचं चित्र, प्रोग्राम, आणि ढोलकीवाल्या काकांच्या सूचनेची तारीखवार नोंदसुद्धा. संबळ किंवा ताशा असलेल्या नाटकात तो अजून कोणी वापरून पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात आणि कुठे अडलं, तर कार्यालयाच्या पत्त्यावर कळवा. दुरुस्त केलेला आराखडा पुढच्या दिवाळीला छापू, दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासह.