भूमी इवली, सागर विशाल : मॉरिशस मैत्रीची खरी कसोटी

बंगळुरू, १२ सप्टेंबर २०२५ : अवकाशात झेपावलेले यान क्षितिजाआड गेले की भारतीय भूमीवरील अँटेनांना ते दिसेनासे होते. त्याचा पुढील मागोवा घेण्यासाठी सागरापलीकडची केंद्रे लागतात. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या ‘इस्रो’च्या ‘इस्ट्रॅक’ यंत्रणेचे असे एक केंद्र मॉरिशसमध्ये असून त्यासाठीचा मूळ करार १९८६ मध्ये झाला होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांच्यात गुरुवारी वाराणसी येथे झालेल्या चर्चेत उपग्रह व प्रक्षेपकांसाठी नवे केंद्र उभारण्यावर सहमती झाली. त्याचबरोबर भारताने सुमारे ६८ कोटी डॉलरचे विशेष आर्थिक सहाय्यही जाहीर केले. एवढ्याशा देशाला हे महत्त्व का, याचे उत्तर नकाशावर आहे.

मॉरिशसची भूमी जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. मात्र त्याचे सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भूमीच्या हजारपटीहून अधिक आहे. डच, फ्रेंच आणि १८१० पासून ब्रिटिश अशा सत्ता येथे नांदल्या. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून लाखो करारबद्ध मजूर नेण्यात आले. ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठीचे शिक्षण, झाकरी नृत्य आणि गणेशोत्सव जपला. गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते.

१२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा हा देश जवळजवळ पूर्णतः साखरेवर विसंबून होता. पुढे वस्त्रोद्योग, पर्यटन आणि वित्तीय सेवांच्या बळावर त्याने समृद्धी गाठली. १९८३ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा तो प्रमुख मार्ग बनला. २०१६ मध्ये या करारात दुरुस्ती झाल्यावर ही सवलत आटली. दुसरीकडे, २०२० मध्ये प्रवाळखडकावर आदळलेल्या ‘वाकाशिओ’ जहाजातील तेलगळतीने सागरावर जगणारी अर्थव्यवस्था किती नाजूक असते, हेही दाखवून दिले.

या देशाची सर्वात खोल जखम मात्र चागोस द्वीपसमूहाची आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये ब्रिटनने तो मॉरिशसपासून तोडला आणि दिएगो गार्सियावरील अमेरिकी तळासाठी तेथील रहिवाशांना बेटांबाहेर काढले. ही फारकत बेकायदा असल्याचा अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला. त्यानुसार दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे भाडेपट्ट्याने राहील. सप्टेंबर २०२५ पर्यंत ब्रिटनमधील मंजुरीची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती.

भारताने चागोसबाबत सातत्याने मॉरिशसची बाजू घेतली असून नव्या सहाय्यात चागोस सागरी संरक्षित क्षेत्राच्या विकासाचा व टेहळणीचाही समावेश आहे. मात्र याच निकषावर भारताचीही परीक्षा होणार आहे. मुख्य बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटरवरील अगालेगा येथे भारताने बांधलेली धावपट्टी व धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा लष्करी तळ नसल्याचे दोन्ही सरकारांनी स्पष्ट केले आहे. तरीही सुमारे तीनशे लोकवस्तीच्या त्या बेटावर ‘आपलेही चागोस होईल का’ अशी शंका व्यक्त झाली. ज्यांच्या देशबांधवांना एकदा घरे सोडावी लागली, त्यांची भीती निराधार ठरवून झटकणे योग्य नव्हे.

हिंदी महासागरात चीनचा वावर वाढत असताना भारताला मॉरिशसची आणि मॉरिशसला सागरी टेहळणीसाठी भारताची गरज आहे. २०१५ मध्ये ‘सागर’ आणि मार्च २०२५ मध्ये ‘महासागर’ ही दोन्ही धोरणे भारताने मॉरिशसच्याच भूमीवर मांडली, ती याच जाणिवेतून. परंतु रक्ताच्या नात्याची आठवण हे धोरण होऊ शकत नाही. अगालेगातील सुविधांचा वापर कोण, कशासाठी करतो याबाबतची पारदर्शकता आणि तेथील रहिवाशांना मिळणारा प्रत्यक्ष लाभ यांवरच हा विश्वास टिकेल. चागोसप्रश्नी भारताने जे तत्त्व इतरांना सांगितले, ते अगालेगात स्वतः पाळून दाखवणे हीच या मैत्रीची खरी कसोटी आहे.