चौक ओलांडताना

आमच्या शेजारच्या काकू गेली कित्येक वर्षे दर गुरुवारी सायंकाळी चौकापलीकडील दत्तमंदिरात भजनास जात असत. हल्ली त्या जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणून नव्हे, तर चौक रुंद झाला म्हणून. “रस्ता मोठा झाला, पण आम्ही अलीकडेच राहिलो,” असे त्या परवा म्हणाल्या आणि आम्ही निरुत्तर झालो.

वास्तविक तो चौक रुंद झाला तेव्हा आम्हांस आनंदच वाटला होता. डावीकडे वळणाऱ्या वाहनांना तिष्ठावे लागू नये म्हणून कोपरे कापण्यात आले. स्कूटरवर बसून पाहिले तर सारे सोयीचेच. पायी चालून पाहिले की हिशेब निराळा निघतो.

सिग्नलची वेळ बेतताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः धरतात. म्हणजे २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत ओलांडला जावा. काकूंसारख्या वृद्धेची चाल ०.८ मीटर धरली, तर तिला ३० सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा दिवा लाल होतो तेव्हा तिचे आठ मीटर उरलेलेच असतात! शिवाय कापलेल्या कोपऱ्यावरून वाहने वेग न आवरता वळतात, ती निराळीच.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चाचे नाहीत. कोपऱ्याचे वळण आवळले की वाहनाचा वेग आपोआप उतरतो आणि ओलांडण्याचे अंतरही घटते. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहण्यास उंचवट्याची सुरक्षित जागा ठेवली, तर २४ मीटरचे दोन टप्पे होतात. मग काकू १५ सेकंदांत अर्धा रस्ता ओलांडून क्षणभर विसावू शकतील. झेब्रा पट्टा पदपथाच्या उंचीला आणला, तर वाहनालाच चढावे लागते, माणसाला उतरावे लागत नाही. पादचारी पूल मात्र दुखऱ्या गुडघ्यांवरचा इलाज नव्हे.

आमच्या इंदुरास हा विचार परका नाही. पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या चिरून सरळ रुंद रस्ते काढण्यापेक्षा बेताने केलेली छाटणी बरी, असे त्या पंडिताचे मत होते.

परंतु सारा दोष रचनेच्या माथी मारणेही बरे नव्हे. पट्ट्यावरील पादचाऱ्यास वाट द्यावी, हे वाहनचालकाचे कर्तव्य २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांत नमूद आहे. तरीही गेल्याच आठवड्यात आमचे पुढचे चाक त्या पांढऱ्या पट्ट्यावर होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

वाचकहो, एक करून पाहावे. घरातील वडील माणसाचा हात धरून आपल्या जवळचा चौक एकदा त्यांच्या चालीने ओलांडावा. पावले आणि सेकंद मोजून कागदावर लिहावेत आणि तो कागद अर्जासोबत आपल्या पार्षदांकडे द्यावा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांकडे दुर्लक्ष करणे अधिक अवघड असते.

येत्या गुरुवारी आम्ही काकूंसोबत निघणार आहोत. घड्याळ बरोबर घेऊ. स्कूटर घरीच राहील.