फोटो साताऱ्यात, स्लाइडशो सांगलीत

आमच्या ऑफिसात माझी ख्याती ‘पीपीटीवाली’ अशी आहे. बॉसला सकाळी अकराला क्लायंटसमोर उभं राहायचं असेल, तर रात्री दहाला फोन मलाच येतो. त्यामुळे २०२३ मध्ये सांगलीच्या आजीची पंचाहत्तरी ठरली आणि ‘फोटोंचा एक झक्कास स्लाइडशो करायचा’ असं मामाने जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मीही कॉलर ताठ करून ‘त्यात काय, एका वीकेंडचं काम!’ म्हणून मोकळी झाले. मंडळी, इथेच माती खाल्ली.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर साताऱ्याचं, आजोळ सांगलीचं, गावभागातलं. आजीकडच्या अल्बमचा ढीग आई २०१७ च्या दिवाळीत साताऱ्याला घेऊन आली होती. दादाने सुट्टीभर बसून ते सगळे फोटो स्कॅन केले. अकराशे फोटो, अगदी आजीच्या १९६७ मधल्या लग्नापासूनचे. मग ‘दुसऱ्याची वस्तू जपून परत करावी’ म्हणून आईने अल्बम जसेच्या तसे सांगलीला पोचवले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मामाच्या घरातलं खालचं कपाट चार दिवस पाण्यात होतं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली, फोटोंचे रंग उतरले. हाती लागले जेमतेम साठ-सत्तर फोटो, तेही डागाळलेले.

म्हणजे काय, तर आजीचं अख्खं आयुष्य आता साताऱ्याच्या एका जुन्या पीसीच्या ई ड्राइव्हवर होतं. आणि हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं!

तीनशे केबीचं आयुष्य

मी साताऱ्याला जाऊन दादाच्या पीसीवर दोन दिवसांत स्लाइडशो केला. अकराशेतले १४० फोटो निवडले, गाणं टाकलं, मराठीत टायटल्स दिली. सेव्ह केलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि कंदी पेढ्यांचा पुडा सांभाळत सांगलीची एसटी धरली. फाइलचा साइज होता ३१२ केबी. १४० फोटो आणि ३१२ केबी? मोबाइलचा एक साधा फोटोसुद्धा याच्या दसपट असतो. पण पेढ्यांच्या वासात एवढा हिशेब कोण करतंय!

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मामाच्या लॅपटॉपवर फाइल उघडली. गाणं नाही, फोटो नाहीत. ओळीने १४० रिकाम्या चौकटी आणि प्रत्येकीवर लाल फुली.

‘अगं, ह्यात तर काहीच दिसत नाही,’ मामा चष्मा पुसत म्हणाला. ‘फोटो कुठायत?’

दादाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘फोटो इथंच आहेत की. तू नुसती प्रोजेक्ट फाइल नेलीस.’

आता यातला फंडा समजून घ्या. स्लाइडशोच्या किंवा व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्ट फाइल म्हणजे अल्बम नव्हे. ती असते लग्नाच्या आमंत्रणाची यादी. कोण, कुठे राहतं, कुणाला पहिल्या रांगेत बसवायचं, कोण किती वेळ थांबणार, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पाहुणे आपापल्या घरीच असतात! विंडोजचा जुना मूव्ही मेकर असाच होता. लग्नाच्या फोटोग्राफर मंडळींचा एकेकाळचा लाडका प्रोशोही असाच. आजचे एडिटिंगचे मोठे प्रोग्रॅमही बहुतेक याच पद्धतीने चालतात. मी यादी खिशात घालून सांगलीला आले आणि पाहुणे राहिले साताऱ्यात.

मग माझ्यासारख्या ‘पीपीटीवाली’ला हे कसं कळलं नाही? कारण पॉवरपॉइंटने आपल्याला लाडावून ठेवलंय. तिथे फोटो टाकला की तो फाइलच्या पोटातच बसतो. २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओही तसाच पोटात बसायला लागला. त्याआधी व्हिडिओ बाहेरच राहायचा आणि मीटिंगमध्ये ऐन वेळी काळा चौकोन दाखवायचा. आठवड्यातले पाच दिवस आपण ‘एक फाइल उचलली की काम झालं’ या सवयीत असतो. शनिवारी घरच्या कामाला बसलो की तीच सवय घात करते.

लाल डब्याचा स्पीड

आता फोटो आणायचे कसे? फोटो होते ३८ जीबी. दादाच्या घरच्या इंटरनेटचा अपलोड स्पीड १० एमबीपीएस. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी साडेआठ तास, आणि पलीकडे मामाचं डाउनलोड वेगळंच. दादा म्हणाला, ‘एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन मीच येतो सकाळच्या गाडीने.’ सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर, कऱ्हाड आणि पेठ नाका करत एसटीला साधारण तीन तास. तीन तासांत ३८ जीबी म्हणजे २८ एमबीपीएस. आपला लाल डबा ब्रॉडबँडच्या जवळजवळ तिप्पट फास्ट निघाला!

सकाळी दादा आला. डिस्क लावली, प्रोजेक्ट उघडलं. पुन्हा १४० लाल फुल्या.

याचं कारण डिस्कचं अक्षर. यादीत प्रत्येक फोटोचा पत्ता होता ‘ई ड्राइव्ह, फोटो, सांगली आजी’. मामाच्या लॅपटॉपने मात्र नव्या डिस्कला नाव दिलं होतं एफ, कारण ई सीडी ड्राइव्हने अडवलेलं. घर तेच, माणसं तीच, फक्त गल्लीची पाटी बदललेली. पण पोस्टमन पाटी बघूनच पत्र टाकणार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सीडी ड्राइव्हला वेगळं अक्षर दिलं, आमच्या डिस्कला ई दिलं आणि एका क्षणात सगळे फोटो उमटले. (हा उपाय बाहेरून लावलेल्या डिस्कसाठीच बरं का! ज्या ड्राइव्हवर विंडोज किंवा प्रोग्रॅम आहेत, त्याच्या अक्षराला हात लावू नका.)

फोटो आले, पण मराठी टायटल्सच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची खिचडी. मी साताऱ्याच्या पीसीवरचा एक जुना मराठी फाँट वापरला होता. तो मामाकडे नव्हता. हे जुने फाँट रोमन अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवतात. मुखवटा घरी राहिला की खालचं रोमन उघडं पडतं. मी सगळी टायटल्स युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. युनिकोड मराठी दाखवायला लागणारे फाँट विंडोजमध्ये मुळातच असतात.

‘कॉपी केलंस ना?’

एव्हाना दुपारचे बारा वाजले होते. मामाने पुरातून वाचलेले साठ-सत्तर फोटो २०१९ मध्येच स्टुडिओतून स्कॅन करून घेतले होते. ‘हेही घ्या की त्यात,’ म्हणून त्याने फोल्डर पुढे केलं. मी ते आजीच्या फोल्डरमध्ये ओढलं. विंडोजने विचारलं, याच नावाच्या फाइल्स इथे आधीच आहेत, बदलू का? साहजिकच होतं. दादाच्या स्कॅनरने ‘स्कॅन ०००१’पासून नावं दिली होती आणि स्टुडिओच्या स्कॅनरनेही तीच. ‘हो’ म्हटलं असतं, तर १९६७ चा स्वच्छ फोटो जाऊन त्याच नावाने भलताच डागाळलेला फोटो बसला असता.

माझं बोट माउसवर होतं. सहज विचारलं, ‘दादा, साताऱ्यात सगळं आहेच ना? कॉपीच केलंस ना?’

‘नाही, कट केलं. पीसीवर जागाच उरली नव्हती.’

मंडळी, खोलीत पंखा चालू असून मला घाम फुटला. म्हणजे आजीच्या लग्नापासूनचे सगळे फोटो जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण सकाळी तीन तास एसटीच्या रॅकवर, दादाच्या सॅकमध्ये, डब्याच्या शेजारी हिंदकळत आलं होतं. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की मागच्या फाइल्स रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. जातात त्या जातातच. मी ‘रद्द’वर क्लिक केलं आणि मामाचे फोटो ‘सांगली २०१९’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. त्यानंतर सगळ्यात आधी त्या डिस्कची एक कॉपी मामाच्या लॅपटॉपवर घेतली. स्लाइडशो पंधरा मिनिटं थांबला तर थांबू दे!

बिऱ्हाड हलवायची रीत

तुमच्याकडेही लग्नाचा, ट्रेकचा, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा असा एखादा प्रोजेक्ट पडून असेल. तो जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेताना एवढं करा:

१. काम सुरू करण्याआधीच एक फोल्डर करा. आत फोटो, गाणी, फाँट आणि प्रोजेक्ट असे चार कप्पे. आधी फोटो यात आणा, मगच स्लाइडशोत टाका. डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधून उचलाउचली केली की पत्ते विखुरतात.

२. फोटोंना नावं द्या. वर्ष आधी, मग प्रसंग, मग नंबर. ‘१९६७ लग्न ०१’ हे नाव दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यातून आपोआप येणार नाही. आणि हे स्लाइडशो करण्याआधी, कारण नंतर नाव बदललं तरी पत्ता तुटतो.

३. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ‘सगळ्या फाइल्स गोळा करा’ अशा अर्थाची सोय असते. प्रोशोत होती, प्रीमिअर प्रोच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये आहे, पॉवरपॉइंटमध्ये ‘पॅकेज फॉर सीडी’ नावाने आहे. आमचे वापरलेले १४० फोटो पाच जीबीच्या आतच भरले असते. म्हणजे आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर काम भागलं असतं आणि दादाची एसटी वाचली असती.

४. कट नाही, कॉपी. मग दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक करून फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट्स जुळतात का ते पाहा.

५. जुनी डिस्क काढून ठेवा आणि मग नव्या डिस्कवरून प्रोजेक्ट उघडा. ही खरी परीक्षा. जुनी लावलेली असेल, तर प्रोग्रॅम गुपचूप तिथूनच फोटो उचलतो आणि तुम्ही खूश होऊन जुनं पुसून टाकता.

६. नुसतं दाखवायचं असेल, तर स्लाइडशोचा तयार व्हिडिओ करून न्या. प्रोजेक्ट न्यायचा तो पुढे बदल करायचे असतील तर. व्हिडिओ चार जीबीच्या वर गेला आणि पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ असेल तर तो घेणार नाही. ‘एक्सफॅट’ करून घ्या. पण फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी रिकामा करा.

७. सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. मूव्ही मेकरचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्ये थांबला, प्रोशोची कंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. यादी वाचणाराच गेला की यादीचा उपयोग नाही. मूळ फोटो आणि तयार व्हिडिओ, दोन्ही जपा.

आणि शेवटचं, पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्याकडे हे ‘दुसरं गाव’ बहुतेकांना आयतंच असतं. नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात, आजोळ सांगलीत!

संध्याकाळी भडंग आणि आइस्क्रीम झाल्यावर मामाच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून स्लाइडशो लागला. आजी पहिल्या रांगेत, पदर सावरून. तिसऱ्या मिनिटाला एक फोटो आला. कृष्णेच्या घाटावर उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी, हातात नवा चुडा.

‘थांबव गं,’ आजी म्हणाली. मी थांबवलं.

‘हा पुरात गेला होता ना?’

‘नाही आजी. हा साताऱ्यात होता.’

ती बराच वेळ बघत राहिली. मग मामाकडे वळून म्हणाली, ‘त्या डब्यात आहे म्हणतात ना ते सगळं? तो खालच्या कपाटात ठेवू नको.’

आता एक डिस्क सांगलीत माळ्यावर असते, एक साताऱ्यात दादाकडे आणि एक कॉपी क्लाउडवर. दर दिवाळीला आम्ही दोन्ही डिस्क उघडून बघतो. त्या दिवशी कट-पेस्टचा विषय निघाला, की दादा पटकन फराळाच्या ताटाकडे वळतो.